राणी रंगाची खूण

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. आणि बसलाच, तर मला नीट सांगता आलं नाही असं समजा!"

एवढं बोलून मी पाण्याचा घोट घेतला आणि कॅन्टीनभर नजर फिरवली. हे वाक्य मी सव्वीस वर्षं वापरतोय. निरोप समारंभात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर स्मशानात लाकडं नीट पेटत नव्हती तेव्हासुद्धा. माणसं खुर्ची पुढे सरकवतात. आजही सरकवली.

सुरक्षा सप्ताहाचा पहिला दिवस होता. आमच्या खाडीकाठच्या गॅस टर्बाइन वीजकेंद्रात दरवर्षी या दिवशी मला बोलावतात. शाल, नारळ, आणि वर्तककाकांची गोष्ट. या वेळी आणखी एक काम माझ्याकडे होतं. माझ्यामागच्या भिंतीवर पिवळ्या कापडाखाली संगमरवरी पाटी होती. केंद्र सुरू झाल्यापासून कामावर असताना जे गेले त्यांची नावं. चार नावं. दोरी मी ओढायची होती.

पाचवं नाव नव्हतं. ते असावं म्हणून जी धडपडत होती, ती पहिल्या रांगेत बसली होती. रेश्मा घरत. हिराजी घरतची मुलगी. बाप गेला तेव्हा बारा वर्षांची होती. आता त्याच केंद्रात, माझ्याच जुन्या टेबलावर, सेन्सर तपासायचं माझंच काम करते. मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसली होती. मला वाटलं, जेवणाच्या सुट्टीची सोय.

आदल्या दिवशी ती घरी आली होती. "काका, चौकशीच्या अहवालात बाबांबद्दल लिहिलंय, यंत्र चालू असताना मनाई असलेल्या जागी विनाकारण वावर. त्या एका 'विनाकारण'पायी आईला अनुकंपेची नोकरी नाकारली आणि आता नावही नाकारलं. साहेब म्हणतात, प्रत्यक्ष पाहणारे एकटे वर्तक. त्यांनी कारण सांगितलं, तर पाचवं नाव कोरून घेऊ. बाबा तिथं कशाला गेले होते, काका?"

मी म्हटलं, "उद्या ये. सगळ्यांसमोर सांगतो."

तर, सुरुवात केली.

"मंडळी, सत्त्याण्णव सालचा मार्च. बारावीची परीक्षा चाललेली. वरून हुकूम, वीज जाता कामा नये. आणि आपला तीन नंबरचा सेट रुसलेला. आता तीन नंबर म्हणजे काय चीज, हे नव्या पोरांना सांगायला हवं. ट्रकएवढा लांब रोटर, त्यावर हजारभर पाती, मिनिटाला तीन हजार फेरे. त्यातलं एक पातं निसटलं, तर तोफेच्या गोळ्याला लाज वाटावी! म्हणून रोटर ज्याच्यावर टेकतो त्या बेअरिंगवर सेन्सर बसवलेला असतो. अंगठ्याएवढी लोखंडी डबी. डॉक्टरची नळी समजा. रोटर जरा वेडावाकडा थरथरला की ही डबी तिकडे कंट्रोल रूममधल्या सुईला सांगते. फारच थरथरला तर कुणाला न विचारता सेट बंद पाडते."

"म्हणजे सासूच," मागून स्टोअरचा पाठारे ओरडला. तोही माझ्यासारखाच निवृत्त. पण या गोष्टीला दरवर्षी येतो, कारण गोष्टीत तो आहे.

"सासू परवडली, पाठारे. सासू झोपते तरी! हा दोन नंबरच्या बेअरिंगवरचा सेन्सर त्या आठवड्यात तीनदा बोंबलला. तीनदा सेट पडला. आमच्या वेळचे बापटसाहेब मला बोलावून म्हणाले, 'वर्तक, मशीन नवं कोरं आहे, त्याला काय धाड भरलीय? तुमची डबी खोटारडी आहे. पुन्हा सेट पडला, तर मी तुम्हाला पाडीन.' मी म्हटलं, साहेब, त्या डबीला माझ्याशिवाय या केंद्रात कुणी हात लावत नाही. मीच तिला वळण लावतो."

इथे मी नेलपॉलिशचा किस्सा घालतो. लोकांना आवडतो. नट आवळून झाला की त्यावर आणि खालच्या लोखंडावर मिळून रंगाची एक रेघ ओढायची असते. नट सैल झाला की रेघ तुटते, लांबून दिसतं. आमच्यात प्रत्येकाचा रंग ठरलेला. कुणाचा पिवळा, कुणाचा पांढरा. स्टोअरमध्ये रंग संपला तेव्हा मी आमच्या कुसुमच्या कपाटातली बाटली आणली. राणी रंगाची. मग तोच माझा रंग झाला.

"हिराजी म्हणायचा, 'गजा, मशीनची नवरी केलीस की रे! आता वरात कधी?' कुसुम वेगळी भांडायची. बोटं तिची, नखं तीन नंबरची! पण त्या केंद्रात राणी रंग दिसला की समजायचं, इथे गजानन वर्तकाचा हात लागलाय. आजही कुठेतरी सापडेल."

"सापडतो," रेश्मा म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो.

"मग त्या सेन्सरला वळण कसं लावलंत, काका?" तिने विचारलं. अगदी शाळेतल्या मुलीसारखं, वही पुढ्यात असल्यासारखं.

"चांगला प्रश्न. तिसऱ्यांदा सेट पडला तो शनिवारी. पुन्हा चालू करायला दोन तास होते. मी एकटा आत शिरलो. तीन नंबरला भोवती पत्र्याची खोली आहे, ती तुम्हाला ठाऊक आहे. चालू असताना आत भट्टी असते, पाय टाकता येत नाही. बंद असली तरी आत अंगाची भाकरी होते. माझ्या चपलेचा रबर वितळून मी तिथेच चिकटलो, शेवटी चप्पल सोडून अनवाणी आलो. ती चप्पल अजून तिथेच आहे."

"काका!" पाठारे.

"बरं, एक चप्पल. तर केबल बदलली, नट आवळले, खूण केली. सेन्सर गरीब गाय होऊन बसला. शनिवार गेला, रविवार गेला, सुई एकदा म्हणून वर चढली नाही. बापटसाहेबांनी स्वतःच्या हाताने मला चहा दिला."

"खूण कुठे केलीत?"

"कुठे म्हणजे? नटावर. बेअरिंगवरच्या."

तिने मान हलवली. डब्याच्या झाकणावर तिची बोटं पसरलेली होती, झाकण उडून जाईल की काय असं धरल्यासारखी.

"आता सोमवार. सकाळचे साडेअकरा. मी कंट्रोल रूममध्ये सुईसमोर. चार नंबर बंद होता, त्याच्या दुरुस्तीला अकरा माणसं लागलेली, तीन नंबरपासून इथून त्या दाराइतक्या अंतरावर. पाठारे त्यांतलाच."

"हो बाबा," पाठारे उभाच राहिला. "सामान पोचवायला गेलो होतो. काकांमुळे नातवाचं बारसं बघितलं."

दरवर्षी तो एवढं बोलतो आणि येऊन माझ्या पाया पडतो. आजही पडला. मी दरवर्षीप्रमाणे त्याला अर्ध्यात उचलला.

"तेवढ्यात हिराजी आला. हिराजी घरत, फेरीवरचा ऑपरेटर. दर तासाला सगळ्या यंत्रांभोवती फिरायचं, बघायचं, कान द्यायचा, हे त्याचं काम. दारातच उभा राहिला. चुन्याची डबी काढली, तंबाखू मळली आणि म्हणाला, 'गजा, तीन नंबर कन्हतंय रे.'

"मी म्हटलं, 'सुई बघ. बाळासारखी झोपलीय.'

"तो म्हणाला, 'सुई झोपलीय, पन लादी जागी हाय. माझ्या पायाला कळतंय.'

"मी म्हटलं, 'तुझ्या पायाला मुंग्या आल्यात. बस, चहा घे.'

"'चहा आल्यावर घेतो. जरा मागनं फिरून येतो. तुझं यंतर बोलत नसंल, तर कुनीतरी जाऊन इचारायला होवं ना?' असं म्हणाला आणि गेला. चहा ओतून ठेवला होता त्याचा. त्यावर साय धरली."

मी थांबलो. हा भाग गोष्टीत नव्हता. सव्वीस वर्षांत कधीच नव्हता. तोंडातून कसा निघाला, कोण जाणे. रेश्माने खाली बघितलं आणि एकदाच डोळ्यांवरून हात फिरवला. बापाचे हे शब्द ती पहिल्यांदा ऐकत होती.

मी घाईने पुढचं पान उलटलं.

"तर मंडळी! अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. मी सुईकडे बघतोय. आणि सुई धाडकन खाली! शून्य. आता हे समजून घ्या, फिरत्या मशीनची सुई कधी शून्य होत नाही. जिवंत माणसाची नाडी जराशी तरी लागतेच. शून्य म्हणजे सेन्सर मेला. कोपऱ्यात पाच फुटी सळई होती, ती उचलली आणि सुटलो! पाचशे पावलं, तीन जिने. जिने उतरलो म्हणालो तर खोटं. एकाही पायरीला पाय लागला नाही. खाली पोचलो, सळईचं एक टोक मशीनला, दुसरं कानाला. आणि ऐकलं. जात्यात खडा आला की कसा आवाज होतो? तसं. प्रत्येक फेऱ्याला एक खडा. पातं मुळापासून तडकलेलं! पत्र्याच्या खोलीच्या कोपऱ्यावर लाल बटण आहे. झेप घेतली आणि दाबलं. सुई शून्य झाल्यापासून सेट बंद पडेपर्यंत किती वेळ? चाळीस सेकंद! मी नाही म्हणत, सेकंद टिपणाऱ्या तेव्हाच्या छापायंत्राचा कागद म्हणतो. फाइलमध्ये आहे."

"काका, ऑलिम्पिक हुकलं तुमचं," कुणीतरी तरुण म्हणालं. टाळ्या पडल्या.

"मी बघितला तो कागद," रेश्मा म्हणाली. "चाळीसच सेकंद आहेत."

"बघा! शिकलेली पोरगी सांगतेय."

"मग बाबा?"

टाळ्या थांबल्या. गोष्टीत हे मी नेहमी हलक्या आवाजात सांगतो. आजही आवाज हलका केला.

"हिराजी तिथेच होता गं. खोलीच्या कोपऱ्याशी. मी लांबून ओरडलो, 'हिराजी, मागे हो!' त्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? मी बटण दाबलं, मशीनचा वेग उतरायला लागला, आणि तडकलेलं पातं सुटलं. एकच. पत्रा फाडून आलं. त्याला… लागून, वरच्या छपरातून गेलं ते थेट खाडीत. पुढे महिन्याने एका कोळ्याच्या जाळ्यात आलं म्हणतात, त्यावर कालवं धरलेली. मशीन थांबलं नसतं, तर एकामागून एक सगळी पाती गेली असती. अकरा माणसं गेली असती. एक गेला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. खिशाकडे हात नेत होता सारखा. मला वाटलं, तंबाखू मागतोय."

"दिलीत?"

"अं?"

"खिशात हात घातलात का तुम्ही?"

"नाही. माणसं धावून आली. मग गाडी आली." मी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता. "तुझं कारण विचारलं होतंस ना? तर कारण असं की हिराजी फार जिव्हाळ्याचा माणूस. मशीन कण्हतंय म्हणून बघायला गेला. जायला नको होतं तितक्या जवळ गेला. माझा मित्र होता, पण खरं ते सांगितलं पाहिजे. साहेब, त्यात 'विनाकारण' लिहिणाऱ्याचंही फार चुकलं असं नाही."

मी पाटीच्या दोरीकडे वळलो.

"काका, एक मिनिट," रेश्मा उभी राहिली. डबा हातात. "मी आज सकाळी चालून बघितलं. म्हणजे आधी धावून बघितलं. कंट्रोल रूमपासून लाल बटणापर्यंत, तीन जिने धरून. माझं वय अडतीस, रोज पळते. एक मिनिट पन्नास सेकंद लागले. वाटेत थांबून सळईने ऐकलं नाही, तरी."

"पोरी, तेव्हाची माणसं वेगळी होती," मी म्हटलं. लोक हसले, पण थोडेच.

"मग थंड पाण्याच्या पाइपापासून बटणापर्यंत चालले. साधी, फेरीवरचा माणूस चालतो तशी. अडतीस सेकंद."

"सेन्सर काढल्यापासून मोजलंस?"

बोलून गेलो. शब्द तोंडातून सुटला, पात्यासारखा. तिने पाइप म्हटलं होतं. सेन्सर म्हटलं नव्हतं.

तिनेही ते ऐकलं. पाठारेनेही ऐकलं असावं. तो खुर्चीत पुढे झाला होता, हळूच मागे टेकला.

रेश्माने डब्याचं झाकण काढलं. आत भाजी-पोळी नव्हती. खाकी कापडाची घडी होती, शर्टाच्या बाहीची. तिने ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि उलगडली.

"दवाखान्याने आईला बाबांच्या खिशातल्या वस्तू दिल्या. घड्याळ, चुन्याची डबी आणि हे. आईला वाटलं, बाबांना लागलेला मशीनचा तुकडा. टाकवेना आणि बघवेना. सव्वीस वर्षं ट्रंकेच्या तळाशी होता. गेल्या महिन्यात तिने मला काढून दाखवला. म्हणाली, तू तिथेच काम करतेस, हे काय आहे ते सांग. मी बघितलं आणि तुमचं जुनं रजिस्टर काढलं, काका."

अंगठ्याएवढी लोखंडी डबी. तिला पट्टीचा एक क्लॅम्प, अर्धगोल वाकवलेला.

"हा सेन्सर. दोन नंबरच्या बेअरिंगचा. याच्यावरचा नंबर आणि तुमच्या रजिस्टरमधला नंबर एकच आहे. बेअरिंगवर तो सपाट बसतो, सरळ बोल्टने. हा क्लॅम्प दोन इंची पाइपाला धरायचा आहे. शनिवारी तुम्ही सेन्सर बेअरिंगवरून काढून बाहेर पाण्याच्या पाइपावर बसवलात. कापून टाकला असता तर सुई शून्य झाली असती, कुणीही विचारलं असतं. पाणी वाहतं, पाइप जरासा थरथरतो, सुई जिवंत दिसते. सेन्सर खोटारडा नव्हता. तो तीनदा खरं बोलला होता."

मी म्हटलं, "त्या काळी कुणीही असं…" पण पुढचं वाक्य सापडेना. मला, ज्याला स्मशानात वाक्यं सापडतात.

"सोमवारी बाबांना तो पाइपावर दिसला. तुम्हाला फोन करत बसले नाहीत. केबल तोडून क्लॅम्पसकट हिसकून काढला, खिशात घातला आणि बटणाकडे गेले. म्हणून सुई शून्य झाली. सुई शून्य झाली म्हणून तुम्ही उठलात. सेन्सर कुणीतरी उचलला, हे या केंद्रात फक्त तुम्हाला कळू शकत होतं."

तिने क्लॅम्प उलटा केला आणि बोटाने माझ्याकडे सरकवला. नटावर आणि पट्टीवर मिळून एक रेघ होती. सव्वीस वर्षांत विटली नव्हती. कुसुम म्हणायची, महागाची बाटली होती.

"या रंगाला तुम्हीच मघाशी नाव दिलंत," रेश्मा म्हणाली. मग तिचा आवाज पहिल्यांदा चढला, इतका की स्वयंपाकघरातली माणसं दारात आली. "तुम्ही खोटं बोलताय, काका. तुम्ही पोचलात तेव्हा मशीन बंद पडलं होतं. बटण बाबांनी दाबलं होतं. आता सांगा, पुन्हा पहिल्यापासून. पण या वेळी तुम्ही धावू नका."